पाटावर ठेवलेली ड्राइव्ह

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. हे मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. सूनबाई कल्याणी टाइप करून तुमच्या ग्रुपवर टाकणार आहे. तिला सांगितलंय, चुका दुरुस्त कर, पण माझं म्हणणं बदलू नकोस. आणि माझं नाव घालू नकोस. चार लोकांत बोलायचं म्हटलं तरी माझ्या तोंडाला कोरड पडते, तर एवढ्या लोकांपुढे कुठे...

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. कल्याणी तुमचे अनुभव मोठ्याने वाचून दाखवते, मी भाजी निवडत ऐकते. कोणाला पांढरी बाई दिसली, कोणाच्या मागे पावलं वाजली. मी मनात म्हणायची, मांजर असेल, नाहीतर ताप असेल. म्हणूनच आता स्वतःचं लिहिताना लाज वाटते.

आम्ही भोपाळला शाहपुऱ्यात राहतो. तलाव आमच्या घरापासून चालत जाण्याइतका. दुसरा मजला, भाड्याचं घर. माझे मिस्टर इथे कारखान्यात फिटर होते, त्यांच्यामागे नागपूरकडून आले आणि इथलीच झाले. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा निखिल लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. कल्याणी एका ऑफिसात आहे, अर्धं काम घरूनच करते.

घरात एक काळा डबा आहे, पोळ्यांच्या डब्याएवढा. त्याला हे लोक नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात. निखिलने मला समजावलं ते असं — आत दोन डिस्क आहेत, एकीत भरलं की दुसरीत आपोआप उतरतं. एक बिघडली तरी दुसरी आहे. हा डबा वायफायच्या मशीनला जोडलेला असतो, म्हणून त्यातलं सगळं निखिलच्या कॉम्प्युटरवर दिसतं, कल्याणीच्या लॅपटॉपवर दिसतं आणि पुढच्या खोलीतल्या टीव्हीवरही दिसतं. निखिलने त्यात माझ्यासाठी एक फोल्डर केलं होतं. कीर्तनं आणि जुन्या मालिका. फोल्डरांची नावं इंग्रजीत, मला ती वाचता येत नाहीत. पण माझं वरून दुसरं, एवढं ठाऊक. रिमोटचं खालचं बटण एकदा दाबायचं आणि मग मधलं. बस.

आमच्या मागच्या गल्लीत तिवारी राहतात. हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, शूटिंग निखिलचं. तिवारीजींनी सगळे पैसे लग्नाच्या दिवशीच देऊन टाकले. असं कोणी करत नाही. बाकीचे अल्बम हातात पडला तरी सहा महिने फिरवतात. अल्बम छापून दिला. व्हिडिओ मात्र मागे पडला, कारण पाठोपाठ दुसरी लग्नं आली. निखिल म्हणाला, उन्हाळा संपला की बसून करतो.

होळीच्या आधी तिवारीजी गेले. काही आजार नाही, काही नाही. सकाळी पेपर वाचता वाचता.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी तिवारी भाभीजी आमच्याकडे आल्या. फार हळू बोलतात त्या. निखिलला म्हणाल्या, "बेटा, वीडियो जैसा है वैसा ही दे दो. गाना-वाना कुछ मत जोड़ो. बस इनकी आवाज़ होनी चाहिए."

त्यांच्याकडे फोटो भरपूर होते, पण आवाज नव्हता. नातेवाईकांच्या फोनमधल्या क्लिपा त्यांनी सगळ्या बघितल्या होत्या. त्यात बँड, नाच, आरडाओरडा. तिवारीजी एका कोपऱ्यात हात जोडून उभे. मुळात माणूस कमी बोलणारा. निखिलने मात्र त्या दिवशी त्यांच्या कॉलरला माइक लावला होता, म्हणून भाभीजींची सगळी आशा त्या व्हिडिओवर.

निखिल त्याच दिवशी कामाला बसला आणि त्याच दिवशी डबा म्हणाला, भरला. जागा नाही.

"असं कसं? अर्धा रिकामा होता," निखिल म्हणाला. त्याने जुनी, देऊन झालेली लग्नं पुसली. तरी जागा नाही. डबा जुन्या प्रती कुठे लपवून ठेवतो का म्हणून तेही बंद केलं. थोडी जागा झाली आणि संध्याकाळपर्यंत तीही भरली. आणि तिवारींचं फोल्डर उघडेना. उघडायला गेलं की इंग्रजीत यायचं, तुम्हाला परवानगी नाही.

"माझाच डबा, मीच मालक, आणि मलाच परवानगी नाही!" तो ओरडला.

"आता कळलं?" कल्याणी आतून म्हणाली. "सासरी असंच असतं."

मलाही हसू आलं. पहिल्या दिवशी आम्ही हसत होतो, हे मुद्दाम लिहिते.

मग ते हसणं गेलं. निखिलने पासवर्ड बदलला, नवं खातं केलं, वायर बदलली, वायफायचं मशीन बदललं. डबा बंद करून चालू करायचा, मग त्याच्यासमोर गालाला हात लावून बसायचा. कूलरच्या दमट हवेने बिघडलं असेल म्हणून डबा कूलरपासून लांब आतल्या खोलीत नेला. शेवटी कसंतरी ते फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. एक फाइल नाही. आणि तरीही डब्याच्या हिशेबात सगळ्यात जास्त जागा त्याच फोल्डरने अडवलेली.

कॅमेऱ्यातली कार्डं कधीच पुसून पुढच्या लग्नांत वापरली होती. सीझनमध्ये सगळेच असं करतात. दोन डिस्क आहेत ना, मग काय व्हायचंय, म्हणून.

निखिलचा मित्र नईम, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला बोलावलं. हा मुलगा भोपाळचाच, बोलीही इथलीच, वाक्यावाक्याला खाँ. आल्या आल्या त्याने डब्याला टपली मारली. "को खाँ, ये क्या पाल रखा है? अंदर कुछ है नहीं और जगह घेर के बैठा है. किरायेदार है क्या?"

"मज़ाक मत कर यार," निखिल म्हणाला.

नईमने दोन्ही डिस्क काढून दुकानात नेल्या. आठवडा ठेवल्या. परत आणल्या तेव्हा तो मस्करी करत नव्हता. "अम्मां, डिस्क दोनों एकदम बढ़िया हैं," मला म्हणाला. मग निखिलकडे वळला. "मिटाई हुई फाइलें निकालने का जो भी तरीक़ा होता है, सब कर लिया. दूसरों की शादियाँ निकल आईं, जो तूने कब की मिटा दी थीं. इसकी एक फ्रेम नहीं निकली. और जगह बढ़ती जा रही है. जो दिख रिया है, वो हो नहीं सकता."

निखिलने भाभीजींना खरं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. मग पाकीट पुढे केलं. त्यांच्या पैशातले निम्मे होते, बाकीचे देतो म्हणाला.

भाभीजींनी पाकिटाला हात लावला नाही. "पैसे ले लूँगी तो मतलब वीडियो नहीं है," म्हणाल्या. "तुम ढूँढो, बेटा. मैं कहीं नहीं जा रही."

त्यानंतर त्या येत राहिल्या. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. भांडण नाही, रडणं नाही, विचारणंही नाही. यायच्या, माझ्याजवळ दिवाणावर बसायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. त्यांची चप्पल दाराशी वाजली की निखिल आतल्या खोलीत जायचा. पोरगा वाळला. दोन लग्नांची कामं त्याने नाही म्हणून सोडली. मला एकदा म्हणाला, "आई, लोकांच्या घरात जे एकदाच होतं ते माझ्या हातात देतात, आणि मी... नोकरी बघतो कुठेतरी." पाकीट तो पुन्हा पुन्हा भाभीजींपुढे करायचा. त्या मान हलवायच्या.

मला भाभीजींचं समजत होतं. आमच्या ह्यांचाही आवाज कुठेच नाही. तेव्हा साधे फोन होते. मी कधीकधी आठवायला जाते, तर शब्द आठवतात, आवाज येत नाही. पण हे मी त्यांना कधी बोलले नाही. आम्ही दोघी गप्प बसायचो.

आता त्या दिवसाचं सांगते. खंडेनवमी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. हे होते तेव्हा त्यांचे पाने आणि पकडी घासूनपुसून पाटावर मांडायचे. ते गेल्यावर त्यांच्या पान्यांच्या पिशवीशेजारी निखिलचा कॅमेरा आला. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. फुलं वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाल्यावरच उचलायचं. तोवर कोणी हात लावायचा नाही.

या वेळी मी म्हटलं, ज्या ज्या वस्तूच्या जिवावर घर चालतं ते सगळं मांडा. कॅमेरे, लेन्सा, कॉम्प्युटर, लॅपटॉप. आणि वायफायचं मशीनसुद्धा.

"आई, वायफायपण?" कल्याणी म्हणाली. "आज सुट्टी आहे म्हणून, नाहीतर ऑफिसवाल्यांनी माझीच पूजा केली असती."

"तेही राबतंच ना गं."

"मग टीव्ही?"

"तो कुठे राबतो?"

निखिलने तो काळा डबा उचलून आणला. "याची पूजा करायची का दृष्ट काढायची, ते सांग," म्हणाला. पण ठेवला पाटावर नीट. डब्याच्या आणि वायफायच्या मशीनच्या वायरी मी स्वतः गुंडाळल्या, रबर लावलं आणि कपाटाच्या खणात ठेवल्या. हे मी का एवढं सांगते ते पुढे कळेल. पाट देवघराशेजारी, आतल्या खोलीत. मी रांगोळी काढली, कल्याणीने गंधफूल वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या.

दुपारी निखिल मिठाई आणायला गेला. कल्याणी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तेवढ्यात भाभीजी आल्या.

मी त्यांना प्रसाद दिला. त्या पाटाकडे बघून म्हणाल्या, "हमारे यहाँ तो कल करते हैं, दशहरे को." मग दिवाणावर बसल्या, नेहमीच्या जागी. सणाचा दिवस, घरात पुऱ्यांचा वास, आणि त्या तशा बसलेल्या. मला ती शांतता त्या दिवशी सोसवेना. काय बोलावं तेही सुचेना. म्हणून रिमोट उचलला आणि टीव्ही लावला. वाटलं, बातम्या लावू, काहीतरी आवाज होईल घरात.

समोर फोल्डरांचं पान आलं. तेच, रोजचं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. हात सवयीने गेला. खालचं बटण एकदा, मग मधलं. म्हटलं, कीर्तन लागेल.

कीर्तन लागलं नाही.

आधी नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या, एकात एक घातलेल्या. मंडपाचं कापड अर्धं उतरवलेलं. जमिनीवर तुडवलेली फुलं आणि द्रोण. आणि एका खुर्चीवर तिवारीजी. फेटा मांडीवर, एक बूट काढलेला, पायाची बोटं चोळत होते.

"ये जूते तो मेरी जान लेके मानेंगे," ते म्हणाले.

भाभीजींचा हात माझ्या हातावर पडला. बर्फासारखा.

तिवारीजींनी वर बघितलं, अगदी आमच्याकडे. हसले. "चलो, निपट गया सब ठीक से." मग म्हणाले, "तुमने कुछ खाया? सुबह से देख रहा हूँ, पानी पे चल रही हो."

तेव्हा चित्राच्या खालच्या बाजूने एक हात पुढे आला. पाण्याचा ग्लास धरलेला. मनगटापर्यंत मेंदी, लाखेच्या लाल बांगड्या. तिवारीजींनी ग्लास घेतला, पाणी प्यायले, शेजारची खुर्ची ओढली. "बैठो दो मिनट. अब किसको भागना है."

एवढंच. मग पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी एक ओळ आली.

भाभीजी स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. मनगट मोकळं होतं. "दीदी," त्या म्हणाल्या, "वहाँ तो कोई नहीं था. बिदाई के बाद सब निकल गए थे. मैं थी और ये थे. पानी मैंने दिया था."

रिमोट अजून माझ्या हातातच होता.

"एक बार और, दीदी."

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खालचं, मधलं, सगळीच दाबली. ती ओळ हलेना. त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत, नुसत्या माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मला आजही तेवढंच आठवत राहतं, की बाईने एकदा मागितलं आणि माझ्याने झालं नाही.

कल्याणी झारा हातात घेऊन बाहेर आली. "आई, कोण आलंय? मी पुऱ्या वाढवल्या." तिला पुरुषाचा आवाज ऐकू आला होता, तिला वाटलं कोणी पाहुणे. मी टीव्हीकडे बोट दाखवलं. तिने ती इंग्रजी ओळ वाचली आणि म्हणाली, "नेटवर्क सापडत नाही असं म्हणतोय. कसं सापडेल? वायफाय पाटावर आहे ना."

मग तिच्याच लक्षात आलं. ती आतल्या खोलीत गेली, मीही मागून गेले. डबा पाटावर होता. वर झेंडूची माळ तशीच. मशीन शेजारी. मी खण उघडला. वायरी गुंडाळलेल्या, रबर लावलेलं.

निखिल आला. आम्ही तिघींनी सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं. आधी म्हणाला, टीव्हीच्या मेमरीत काही राहिलं असेल. मग भाभीजींनी खुर्च्यांचं आणि बुटांचं सांगितलं, तसा तो त्यांच्याकडे वळला.

"आंटी, हे मी शूट केलंच नाही," तो मराठीतच बोलून गेला. मग सावरून म्हणाला, "मैंने ये लिया ही नहीं. बिदाई हुई और मैंने कैमरे गाड़ी में रख दिए. माइक भी उसी वक़्त उतार लिया था."

"हाँ," भाभीजी म्हणाल्या. "मुझे याद है. तुम तो चले गए थे."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा करून निखिलने डबा जोडला. तिवारींचं फोल्डर होतं, रिकामंच. पण अडवलेली जागा मोकळी झालेली होती. नवं भरलं तर भरलं जात होतं, उघडलं तर उघडत होतं. नईम आला, सगळं तपासलं, टीव्हीची मेमरीही पाहिली. तिथे काही नाही. आम्ही सांगितलं ते ऐकून त्याने आपलं सामान पिशवीत भरलं. मग म्हणाला, "खाँ, मैं मशीन का आदमी हूँ. मुझसे मशीन की बात करो." चहाही न घेता गेला.

डबा तेव्हापासून नीट चालतो. निखिलने आता कार्डं पुसायची सोडली आहेत, नवीच घेतो. नोकरीचं काही बोलत नाही. मधे एकदाच त्याने विचारलं, "आई, तू खरंच पाहिलंस ना?" मी हो म्हटलं. त्याला बरं वाटलं की वाईट, ते काही मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

माझं म्हणाल तर मला अजून स्वस्थता नाही. नवरा-बायकोचं ते दोघांतलं बोलणं, ते मी का ऐकावं? त्या हाताच्या जागेवरून आम्ही बघत होतो, म्हणजे कोणाच्या डोळ्यांनी बघत होतो? कल्याणी म्हणते, काहीतरी टेक्निकल असणार. पण तिलाही तो आवाज ऐकू आला होता, आणि तिला विचारलं की ती विषय बदलते.

आणि एक, जे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. कल्याणी हे टाइप करताना वाचेलच. त्यानंतर कितीतरी दुपारी, घरात कोणी नसताना, मी डब्याच्या आणि वायफायच्या वायरी काढून टीव्ही लावून बघितला. खालचं बटण एकदा, मग मधलं. दर वेळी तीच इंग्रजी ओळ. आमचे हे आले नाहीत. मग वायरी पुन्हा लावते आणि कीर्तन ऐकते.

याचा अर्थ काय, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळला तर सांगा, पण मला समजेल असं सांगा.

दिवाळीच्या आधी भाभीजी आल्या होत्या. निखिल या वेळी आत गेला नाही. पाकीट पुढे करू की नको, असा घुटमळत उभा होता, तर त्याच म्हणाल्या, "लाओ, बेटा." त्याने दिलं, त्यांनी घेतलं. उरलेले पैसे तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या कामातून आले. ते द्यायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, उघडून बघितलं नाही, पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन ओढली. मग निखिलला म्हणाल्या, "अब जाओ, तुम्हारा सीज़न है." त्यांचे पैसे त्या दिवशी पूर्ण फिटले.